सरकारी जंगलातली कूपकटाई आणि लाकूडविक्री प्रत्यक्षात कशी चालते? त्यात वनरक्षकाचं काम काय?

तुम्ही वनरक्षक भरतीची तयारी करताय आणि विचारलंय की महाराष्ट्रात झाड निवडण्यापासून लाकूड विकलं जाईपर्यंत काय काय होतं, आणि त्यात खालच्या कर्मचाऱ्याचा वाटा किती. वाटा बराच मोठा आहे. लिलावाची तारीख वरून ठरते, पण लाकडाला किती पैसे येणार आणि हिशेब जुळणार की नाही, हे त्याआधीच झाडाच्या बुंध्यापाशी ठरलेलं असतं.

कुठलं झाड तोडायचं हे कोणाच्या मर्जीवर नसतं. प्रत्येक वनविभागाची मंजूर कार्य आयोजना, म्हणजे काही वर्षांचा कामाचा आराखडा असतो आणि कोणत्या वर्षी कोणत्या कक्षात (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यात) कूप, म्हणजे त्या वर्षी कटाईचा पट्टा, पडणार हे त्यात लिहिलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानंतर मंजूर आयोजनेबाहेर सरकारी जंगलात कटाई करता येत नाही. कूप आखताना तीव्र उतार आणि नाल्याकाठचे पट्टे आधी वेगळे काढतात, तिथे कुऱ्हाड लावायची नसते. मोह, चारोळी यांसारखी फळझाडंही सहसा राखली जातात.

मग येतं मार्किंग. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, टेपने घेर मोजायचा. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूच्या जमिनीपासून उंची धरायची. टेप तिरपी गेली, किंवा सालीवर वेल राहिली, की घेर वाढीव येतो. झाडावर दोन ठिकाणी खूण असते: छातीच्या उंचीवर क्रमांक, आणि अगदी बुडाशी साल तासून क्रमांक व खात्याच्या मार्किंग हातोड्याचा ठसा. बुडाचा ठसा जास्त महत्त्वाचा, कारण झाड पडल्यावर थुटावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या बुंध्यावर, तोच पुरावा उरतो. प्रजात, घेर, क्रमांक त्याच वेळी नोंदवहीत गेलं पाहिजे. संध्याकाळी आठवून लिहिलेली यादी पुढे कधीच जुळत नाही. आणि हातोडा नोंद केल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नका. बाहेर गेलेल्या हातोड्याने चोरीचं लाकूड कायदेशीर भासवता येतं.

कटाईचं काम खात्यामार्फत, वनविकास महामंडळामार्फत किंवा जंगल कामगार सहकारी संस्थेमार्फत होतं. पडण्याच्या बाजूला आधी खाच, मग मागून तिच्यापेक्षा थोडा वर काप, मधे लाकडाची पट्टी शिल्लक. ही पट्टी राहिली नाही तर झाड भलतीकडे पडतं. खाच पुरेशी खोल नसेल तर खोड उभं चिरतं आणि सगळ्यात महागडा बुडाचा नग (खोडाचा तुकडा) वाया जातो. सागाचं थुट शक्यतो 15 सेंटिमीटरच्या आत, साल न सोलता, पाणी साचणार नाही असं किंचित उतरतं ठेवायचं. उंच थुटात लाकूड तर जातंच, शिवाय वर फुटलेले धुमारे (नवे कोंब) पुढे वाऱ्याने मोडतात.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित टप्पा म्हणजे खोडाचे नग पाडणं. मजूर सवयीने सारख्या लांबीचे तुकडे करतात. पण बाक आहे तिथेच काप घेतला तर दोन सरळ नग मिळतात. बाक मधे ठेवला तर एक वाकडा नग, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. पोकळी किंवा सड असलेला भाग वेगळा काढा, चांगल्या नगाला चिकटवून ठेवू नका.

मोजमाप आपल्याकडे पाव घेराच्या सूत्राने होतं: मधला घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर 120 सेंटिमीटर आणि लांबी 3 मीटर असेल तर 0.30 × 0.30 × 3, म्हणजे 0.27 घनमीटर. खऱ्या गोल आकारमानाच्या हे सुमारे 78.5 टक्केच भरतं, म्हणून आकडा कमी दिसला तर घाबरू नका. मात्र घेराचा वर्ग होतो हे विसरू नका. तोच घेर 126 लिहिला तर आकारमान 0.298 होतं, म्हणजे घेरात 5 टक्के चूक आणि लाकडात 10 टक्के. आगारावर, म्हणजे लाकूड साठवून विकण्याच्या जागी, फेरमोजणी होते तेव्हा हा फरक तुमच्या नावावर पडतो.

कूपातून गाडी निघताना वाहतूक परवान्यावर नगांची संख्या, मापं, ठसा, गाडी क्रमांक, मार्ग आणि मुदत असते. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपण्याआधी कळवून नोंद करून घ्या. संपलेला परवाना आणि भरलेली गाडी ही नाक्यावर वनगुन्ह्याचीच बाब ठरते.

विक्री आगारात लॉट लावणं हे कौशल्याचं काम. एक प्रजात, जवळपासचा घेर, जवळपासची लांबी, सारखी प्रत. चांगल्या नगांत चार पोकळ नग मिसळले तर ते खपत नाहीत, उलट पाहणीला आलेला व्यापारी त्या चारांकडे बघून पूर्ण लॉटची बोली उतरवतो. नग आडव्या लाकडांवर ठेवा, थेट मातीवर ठेवल्यास वाळवी लागते. उन्हात टोकं तडकतात. पांढरं बाहेरचं लाकूड किडा आधी धरतो, म्हणून पावसाळ्याच्या आत जितकं विकलं जाईल तितकं बरं. ई-लिलावात बयाणा भरलेल्यांनाच बोली लावता येते, आणि हातच्या किमतीपर्यंत (खात्याने आधी ठरवलेल्या किमान किमतीपर्यंत) बोली आली नाही तर माल पुन्हा लिलावात जातो.

कटाई संपली की थुट तपासणी. प्रत्येक थुट मार्किंग यादीशी जुळवायचं आणि दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून रंगाची खूण करायची. ठसा नसलेलं ताजं थुट सापडलं तर ते लपवू नका, लगेच प्राथमिक वनगुन्हा अहवाल करा. कूपालगतच्या कक्षातही फिरून या, कारण चालू कूपाच्या आडून शेजारच्या कक्षातलं झाड नेणं हा जुनाच प्रकार आहे. यानंतर कूप चराईला बंद होतं, आणि 15 फेब्रुवारी ते 15 जून या आगीच्या हंगामात त्याची जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत-पाला काढलेला पट्टा) तुम्हालाच साफ ठेवावी लागते. थुटांना धुमारे फुटले की जमिनीलगतचा एक-दोन जोमदार राखून बाकीचे काढायचे.