भुवया आकसल्या म्हणजे राग आला का?

प्रश्न: डोळे हसले की हसू खरं, असं ऐकलं आहे. खरं हसू आणि दाखवायचं हसू चेहऱ्यावरून हमखास ओळखता येतं का?

उत्तर: हमखास नाही. ही कल्पना फ्रेंच वैद्य द्युशेन यांची. चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा प्रवाह देऊन त्यांनी प्रयोग केले आणि ते १८६२ मध्ये प्रसिद्ध केले. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या मर्जीने हलतो, पण डोळ्याभोवतीचा गोल स्नायू मनापासून आनंद झाल्याशिवाय आवळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. यातलं दुसरं विधान आता टिकत नाही. बऱ्याच जणांना हा स्नायू मुद्दामही आवळता येतो. शिवाय मोठं हसलं की गालच इतके वर सरकतात की डोळे आपोआप बारीक होतात. म्हणून नुसते बारीक डोळे पाहू नका. भुवई आणि पापणीच्या मधली त्वचा पाहा. गोल स्नायू खरोखर आवळला असेल तर ती किंचित खाली उतरते. हसू कसं उमटतं हेही सांगून जातं: मुद्दाम आणलेलं सहसा झटकन येतं, आपसूक आलेलं हळूहळू चढतं. हे फोटोत कळणार नाही, व्हिडिओच लागेल.

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ‘एफईआर-२०१३’ या डेटासेटवर (चेहऱ्यांचे फोटो आणि प्रत्येकाला भावनेचं लेबल) चेहऱ्यावरून भावना ओळखणारं मॉडेल ट्रेन केलं. अचूकता ६६ टक्के येते. पण वेबकॅमसमोर ते किळस कधीच ओळखत नाही, भीतीला आश्चर्य म्हणतं आणि मान जरा हलली की उत्तर बदलतं. कुठे चुकतंय?

उत्तर: आधी त्या ६६ टक्क्यांबद्दल. या डेटासेटवर माणसांनी ओळखायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांची अचूकताही ६५ टक्क्यांच्या आसपासच होती, कारण लेबलंच बऱ्याच ठिकाणी वादग्रस्त आहेत. तेव्हा आकडा वाढवण्यात महिना घालवू नका. ‘एफईआर प्लस’ ही याच फोटोंची सुधारित लेबलं वापरा. तिथे प्रत्येक फोटो दहा जणांनी पाहिला आहे. बहुमताचं एकच लेबल न घेता दहा मतांची विभागणी जशीच्या तशी शिकवा. सहा जण ‘दुःख’ म्हणाले आणि चार ‘काहीच नाही’, तर तो फोटो खरोखरच तसा संदिग्ध आहे आणि मॉडेललाही ते कळायला हवं.

किळस ओळखली जात नाही याचं कारण आकड्यांत आहे. एकूण ३५,८८७ फोटोंपैकी आनंदाचे ८,९८९ आणि किळसेचे फक्त ५४७. किळस पूर्ण विसरूनही मॉडेलची अचूकता जेमतेम दीड टक्क्याने घटते, मग ते कशाला शिकेल? लॉसमध्ये, म्हणजे मॉडेलची चूक मोजणाऱ्या सूत्रात, वर्गांना (म्हणजे प्रत्येक भावनेला) वजनं द्या. पण फोटोंच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात दिली तर किळसेचं वजन आनंदाच्या सोळापट होतं आणि मॉडेल जिथेतिथे किळस पाहू लागतं. वजनं संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घ्या, म्हणजे साधारण चौपट. निकालही एका आकड्यात मांडू नका. कन्फ्युजन मॅट्रिक्स (कोणत्या भावनेला मॉडेल काय म्हणालं याचा तक्ता) छापा आणि प्रत्येक वर्गाचा रिकॉल, म्हणजे त्या वर्गाचे किती टक्के फोटो बरोबर ओळखले, वेगळा द्या.

भीती आणि आश्चर्य या दोन्हींच्या ठरावीक मुद्रांत भुवया वर जातात, डोळे विस्फारतात, तोंड उघडतं. फरक एवढाच की भीतीत भुवया वर जातानाच एकमेकींकडे ओढल्या जातात आणि ओठ आडवे ताणले जातात. तुमचा फोटो ४८ बाय ४८ पिक्सेलचा. त्यात भुवयांमधलं अंतर किती पिक्सेल उरणार? हा फरक महत्त्वाचा असेल तर मोठ्या आकाराचे फोटो असलेला डेटासेट घ्या. माणसांचीही याच जोडीत गल्लत होते.

वेबकॅमच्या गोंधळात मात्र दोष बहुतेक वेळा मॉडेलचा नसतो, आधीच्या तयारीचा असतो. हे या क्रमाने तपासा. फ्रेम ग्रेस्केल, म्हणजे कृष्णधवल, केली का? पिक्सेलच्या किमती ट्रेनिंगप्रमाणेच, म्हणजे ० ते १ किंवा ० ते २५५ यांपैकी त्याच पट्टीत आहेत का? चेहरा कापताना कपाळ आणि हनुवटी यांना ट्रेनिंगच्या फोटोंइतकीच जागा सुटते का? शेवटची चूक सर्वांत जास्त आढळते. मग कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा, कारण मान खाली गेली की भुवया डोळ्यांच्या जवळ दिसतात आणि मॉडेल राग सांगतं. उत्तर एकाच फ्रेमवर देऊ नका. ३० फ्रेम प्रति सेकंद असतील तर शेवटच्या १५ फ्रेमच्या संभाव्यतांची सरासरी घ्या.

एक इशारा. व्हिडिओंचा डेटासेट घेतलात तर एकाच माणसाच्या फ्रेम ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हींत जाऊ देऊ नका. विभागणी माणसांनुसार करा. नाहीतर मॉडेल भावनेऐवजी चेहरा पाठ करतं आणि अचूकता खोटीच फुगते.

प्रश्न: मी शांत बसलेला असतानाही लोक ‘रागावलास का?’ विचारतात. एका ॲपनेही तेच सांगितलं. असं का?

उत्तर: तुमच्या भुवया मुळातच खाली किंवा जवळ असतील, किंवा ओठांचे कोपरे खाली वळलेले असतील. पाहणारा ती ठेवण हालचाल समजतो. चांगली पद्धत अशी की आधी त्या माणसाचा निवांत चेहरा काही सेकंद नोंदवायचा आणि नंतर त्यापासून झालेला बदलच मोजायचा. एकमन आणि फ्रीसेन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलेली ‘फॅक्स’ (FACS) ही चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देणारी नोंदपद्धत याच शिस्तीची आहे: ‘राग’ लिहायचं नाही, ‘क्रिया ४, भुवया खाली आल्या’ एवढंच लिहायचं.

प्रश्न: ऑनलाइन मुलाखतीत उमेदवाराचा प्रामाणिकपणा किंवा उत्साह चेहऱ्यावरून मोजणारं सॉफ्टवेअर विश्वासार्ह आहे का?

उत्तर: नाही. संगणक हालचाल बरी मोजतो. त्या हालचालीमागचं मन त्याला दिसत नाही, त्याला शिकवणाऱ्या माणसांचा अंदाज तेवढा तो उचलतो. २०१९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. रागावलेली माणसं भुवया आकसतात, पण ते सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास वेळाच. उरलेल्या वेळी कोणी गप्प होतं, कोणी हसतं, कोणी रडतं. उलट भुवया आकसलेला माणूस रागावलेला असण्याऐवजी विचारात पडलेला असेल किंवा त्याला स्क्रीनवरचं नीट दिसत नसेल. समोरासमोर बसलेला माणूस आवाज, शब्द, प्रसंग आणि जुनी ओळख यांवरून आपला अंदाज दुरुस्त करत राहतो. सॉफ्टवेअरला यातलं बरंचसं मिळतच नाही. ‘प्रामाणिकपणा’ दाखवणारी तर कोणती ठरावीक हालचालच नाही.

मायक्रोसॉफ्टने आपल्या चेहरा-सेवेतली भावना ओळखण्याची सोय बंद करत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. युरोपीय संघाच्या एआय कायद्यानुसार नोकरीच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत लोकांच्या भावना ताडणाऱ्या अशा यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरती सूट आहे. मुलाखतीआधी कंपनीला लेखी विचारा: चेहऱ्याचं विश्लेषण होणार का, गुणांत त्याचं वजन किती, आणि ते नाकारून मुलाखत देता येईल का?