जादा ड्युटी आणि ऑन कॉल : परिचारिकांचे प्रश्न

दिवाळीपासून आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रं परिचारिकांची आहेत, त्यामुळे यंदाचं सदर त्यांच्यासाठीच. नावं अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. माझी इव्हिनिंग 2 ते 8. नाइटची रिलीव्हर (पुढच्या पाळीची नर्स) आली नाही की मेट्रन (मुख्य परिचारिका) म्हणतात, "आज कंटिन्यू कर." म्हणजे सकाळी 8 पर्यंत सलग 18 तास. नाही म्हटलं तर "पेशंट सोडून गेलीस असं लिहून देईन" ही धमकी. ओव्हरटाइम मागितला की "कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) घे" म्हणतात, आणि तोही मिळत नाही. (लातूर)

पेशंट सोडून जाणं आणि पुढची ड्युटी नाकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेट्रन त्या मुद्दाम एकत्र करतात, तुम्ही करू नका. ओव्हर न देता, म्हणजे पेशंट पुढच्या नर्सकडे न सोपवता, वॉर्ड सोडलात तर तो निष्काळजीपणा होतो आणि कारणे दाखवा नोटीस आली तर बाजू मांडायला जागा उरत नाही. उलट, जी ड्युटी तुमच्या नावावर लिहिलेलीच नाही तिला संमती न देणं हा गुन्हा नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाच्या स्थितीविषयीची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दिवसाचे तास 8 आणि जादा कामाला कामगाराची संमती हवी, असं ती सांगते. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने.

नकाराची वेळ महत्त्वाची. आठ वाजता बॅग खांद्याला लावून "मी थांबणार नाही" म्हणणं उपयोगाचं नसतं. रिलीव्हर साडेसातला दिसली नाही की लगेच मेट्रनना मेसेज टाका. तो साधारण असा असावा : "मॅडम, आज नाइट स्टाफ अजून आलेला नाही. वॉर्डात 14 पेशंट, 2 ऑक्सिजनवर. माझी ड्युटी 8 ला संपते. पर्यायी स्टाफ पाठवावा. तोपर्यंत पेशंटच्या सुरक्षेसाठी थांबत आहे, पुढील ड्युटीस माझी संमती नाही." यात राग नाही आणि पेशंटचं नावही नाही. मात्र वेळ आहे, संख्या आहे. रिलीव्हर आली की बेडवाइज ओव्हर देऊन रजिस्टरवर दोघींच्या सह्या आणि वेळ घाला. "पेशंट सोडून गेली" या आरोपाला एवढं उत्तर पुरतं. फोनवर बोलणं झालं असलं तरी मेसेज टाकाच, फोनचा पुरावा राहत नाही.

कॉम्प ऑफबद्दल : साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी द्यायची, तीही त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत. रोजच्या ड्युटीपलीकडच्या तासांवर कॉम्प ऑफ हा उतारा नाही, त्याचे पैसेच द्यावे लागतात. तुमच्याकडे दोन्ही प्रकार एकाच वहीत गोळा होत असणार. दोन वेगळ्या याद्या करा.

आणि रिलीव्हर येत का नाही, तेही बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत लागणाऱ्या परिचारिकांवर आणखी 30 टक्के रजा-राखीव स्टाफ धरलेला आहे. म्हणजे 20 जणी लागत असतील तिथे 26 हव्यात. बरीच रुग्णालयं 20 वरच ड्युटी लिस्ट बसवतात, मग कोणाच्या पोराला ताप आला की दुसरीची डबल ठरलेली. आजारी पडणाऱ्या मैत्रिणीवर चिडण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांच्या लिस्टवरून किती डबल झाल्या ते मोजून चार-पाच जणींच्या सहीने अर्ज द्या, एकटीने देऊ नका.

प्रश्न : ओ.टी.मध्ये (शस्त्रक्रियागृहात) आहे. आठवड्यात दोन रात्री घरून ऑन कॉल, 20 मिनिटांत पोहोचायचं. रात्री सिझर झालं की पहाटे सुटते आणि 8 ला पुन्हा लिस्ट (ठरलेल्या शस्त्रक्रिया). कॉलचे पैसे नाहीत, "पगारातच आहे" म्हणतात. हिशेब कसा करायचा? (तालुक्याचं ठिकाण, सांगली जिल्हा)

ऑन कॉलचे दोन प्रकार धरा. रुग्णालयातच झोपायला लावतात तो एक : तिथून हलता येत नाही, तेव्हा तो पूर्ण वेळ कामाचाच म्हणून मागा. दुसरा घरचा : घरी बसलेल्या वेळेचं काय, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं असेल तसं. पण बोलावल्यानंतरचा वेळ निर्विवाद काम आहे. "पगारातच आहे" असेल तर ते पत्रात कोणत्या ओळीत आहे, ते लेखी विचारा.

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक कॉलला पाच नोंदी : फोन कधी आला आणि कोणाचा, ओ.टी.त पोहोचल्याची वेळ, पेशंटचा आय.पी.डी. (दाखल) नंबर (नाव नको), साफसफाई आणि काउंट (उपकरणं, गॉज मोजणं) संपवून निघाल्याची वेळ, इन्चार्जची सही. सही नाही मिळाली तर ओ.टी. रजिस्टरमधली वेळ जुळते का ते पाहा. काउंट आणि उपकरणं ऑटोक्लेव्हला (निर्जंतुक करायच्या यंत्राला) लावण्याचा अर्धा-पाऊण तास बहुतेकजणी लिहायला विसरतात. वेतन संहितेत तासाच्या भागालाही जादा दर धरलेला आहे, तेव्हा तो सोडू नका.

समजा एकूण पगार 32,000, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000, बाकी 20,000 घरभाडं, प्रवास अशा भत्त्यांत दाखवले आहेत. असे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवतात. निम्मे 16,000, वरचे 4,000, म्हणून वेतन 16,000. भागिले 26 दिवस, भागिले 8 तास : 76.92 रुपये. दुप्पट 153.85. महिन्यात 14 जादा तास भरले तर 2,154 रुपये. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवायची युक्ती जुनीच, इथे ती पूर्वीइतकी चालत नाही.

आधी व्यवस्थापनाला वहीच्या झेरॉक्ससह अर्ज, पोचसही घेऊन. उत्तर नाही आलं तर कामगार आयुक्त कार्यालय. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे नोकरी सोडल्यावरही दावा करता येतो. सकाळच्या लिस्टचा मुद्दा मात्र पैशाचा नाही. पहाटे 2 नंतर सुटलेल्या नर्सला सकाळी स्क्रब करायला (शस्त्रक्रियेत उभं राहायला) लावू नये, हे सर्जनकडून बोलून घ्या. व्यवस्थापन त्यांचं लवकर ऐकतं, हे कडू असलं तरी खरं आहे.

प्रश्न : डबल ड्युटी टळणारच नसेल तर चुका कुठे होतात? (नाशिक)

1997 च्या एका प्रयोगात 17 तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतकी घसरलेली आढळली. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे, तेव्हा सकाळी स्कूटी काढण्यापूर्वी याचा विचार करा. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 393 परिचारिकांच्या पाहणीत साडेबारा तास किंवा अधिकच्या शिफ्टमध्ये चुकीची शक्यता तिप्पट निघाली.

आपल्या वॉर्डात सगळ्यात घातक जागा इन्सुलिनची. 40 युनिटची (एका मिलीत 40 युनिट) व्हायल आणि लाल टोपीची सिरिंज, 100 युनिटची आणि केशरी टोपीची, ही जोडी पहाटे चारला चुकते. 100 ची व्हायल लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरली तर पेशंटला 50 युनिट जातात. उलटं केलं तर 20 ऐवजी 8. दुसरी जागा पोटॅशियम क्लोराइड : 10 मिलीचा अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरसारखाच दिसतो आणि तो थेट शिरेत दिला तर हृदय थांबतं. तो ट्रॉलीवर ठेवूच नका, कुलपात ठेवा. इन्सुलिन, पोटॅशियम, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) या तिन्हींना दुसरी सिस्टर व्हायल हातात घेऊन मोठ्याने वाचेल, मगच द्यायचं. वॉर्डात एकटी असाल तर शेजारच्या वॉर्डातून बोलवा. डुलकी काढायची तर 20 मिनिटांची, आणि उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं औषध भरू नका.

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये एन.एच.एस.मध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) लागली आहे. तिथेही सक्ती असते का? (पुणे)

आठवडा साडेसदतीस तासांचा. त्यापुढच्या तासांना दीडपट, सार्वजनिक सुट्टीला दुप्पट. कायद्याने 17 आठवड्यांची सरासरी 48 तासांवर जाता कामा नये आणि दोन शिफ्टमध्ये 11 तास विश्रांती. मात्र रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात 48 तासांची मर्यादा सोडल्याचा एक फॉर्म सहीला येऊ शकतो. तो ऐच्छिक आहे, सही केली असली तरी लेखी सूचना देऊन मागे घेता येते. "बँक शिफ्ट" (राखीव स्टाफच्या यादीतून घेतलेली जादा पाळी) ओव्हरटाइमपेक्षा वेगळी असते, तिचा दर घेण्याआधी विचारायला सांगा.