लोड 9 आणि सीपीयू निवांत: मॉनिटरिंगची सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू सर्व्हर, चार कोअर, 8 जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क, त्यावर डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) नेक्स्टक्लाउड (फाइलींसाठी), जेलीफिन (व्हिडिओंसाठी) आणि इमिच (फोटोंसाठी). रात्री मधूनच सगळं मंदावतं. टॉप (चालू प्रोग्रॅम, म्हणजे प्रोसेस, दाखवणारी कमांड) उघडून बघावं तर सीपीयू जेमतेम 20 टक्के आणि लोड मात्र 9. म्हणून प्रोमेथियस (आकडे गोळा करून साठवणारा), ग्राफाना (त्यांचे आलेख काढणारा), लोकी (लॉग साठवणारा) असा सगळा संच एकदम बसवावा का?

लोकी तूर्त राहू द्या. बाकीचं बसवाच, पण आधी दुखणं कुठे आहे ते बघू. नाहीतर चाळीस आलेख असलेला सुंदर डॅशबोर्ड तयार होईल आणि त्यातला नेमका कुठला बघायचा हेच कळणार नाही.

लिनक्सचा लोड म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस त्यात येतात, तशाच डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत अडकलेल्याही येतात. या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेस टॉपमध्ये 'डी' या अवस्थेत दिसतात. चार कोअरच्या मशीनवर लोड 9 आणि सीपीयू रिकामा, म्हणजे बरीच मंडळी डिस्कच्या दारात ताटकळली आहेत. आता ती ताटकळतात कशामुळे, हे शोधायचं.

पुढच्या वेळी मशीन मंदावलं की 'व्हीएमस्टॅट' ही कमांड एका सेकंदाच्या अंतराने चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. त्यानंतरच्या ओळींत चारच रकाने बघायचे. 'बी' म्हणजे अडकलेल्या प्रोसेस. 'एसआय' आणि 'एसओ' म्हणजे स्वॅपमधून (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आत येणारी आणि स्वॅपमध्ये बाहेर जाणारी मेमरी. 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा रिकामा वेळ. 'बी' 5-6 वर आणि सोबत 'एसआय', 'एसओ' दोन्ही सतत हलते असतील तर दोष डिस्कचा नाही, रॅम पुरत नाहीये. डिस्क बिचारी स्वॅपचा भार वाहतेय. 'एसआय', 'एसओ' शून्यावर आणि 'बी' चढलेला असेल तर कुणीतरी खरोखरच डिस्क झोडपतंय. अशा वेळी 'आयओटॉप' ही कमांड लावली की त्या प्रोसेसचं नाव मिळतं. 'डब्ल्यूए'वर फार विसंबू नका. चार कोअरवर एकच कोअर पूर्ण वेळ अडकला तरी तो आकडा 25 च दाखवतो, आणि सीपीयूला दुसरं काम मिळालं की खाली येतो, डिस्क तेवढीच तुंबलेली असली तरी.

'फ्री' या कमांडमध्ये मोकळी मेमरी 200 एमबी दिसली म्हणून घाबरू नका. उरलेली रॅम कर्नल (लिनक्सचा गाभा) फाइलींच्या कॅशेसाठी वापरतो, लागली की परत देतो. 'अव्हेलेबल' हा रकाना बघायचा.

याहून सरळ उत्तर हवं असेल तर पीएसआय (कामं कशासाठी किती वेळ खोळंबली याची कर्नलने ठेवलेली नोंद) बघा. कर्नल 4.20 पासून, म्हणजे 2018 च्या अखेरीपासून, 'प्रॉक'खाली 'प्रेशर' नावाचं फोल्डर आहे आणि त्यात सीपीयू, मेमरी, आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) अशा फाइली. आयओच्या फाइलीत 'सम' या ओळीवर 10 सेकंदांची सरासरी 42 दिसली, तर गेल्या 10 सेकंदांतला 42 टक्के वेळ किमान एक काम डिस्कसाठी खोळंबून होतं. 'फुल' या ओळीचा अर्थ जास्त वाईट: तेवढा वेळ कामं होती पण सगळीच्या सगळी एकदम खोळंबली होती. लोड, स्वॅप, कॅशे यांचा मेळ घालत बसण्यापेक्षा मी आता आधी हेच उघडतो. काही डिस्ट्रोंमध्ये हे बंद असतं, तिथे बूटच्या पॅरामीटरमधून चालू करावं लागतं. उबुंटूवर ते आयतं मिळतं.

आता कायमस्वरूपी मांडणी. अगदी कमीत कमी हवं असेल तर 'सिसस्टॅट' हे मशीनचे आकडे नोंदवणारं पॅकेज पुरे. त्याची नोंद मुळात दर 10 मिनिटांनी होते, ती त्यातल्या 'सार' या कमांडने सकाळी वाचता येते. टायमर चालू आहे ना तेवढं तपासा. पण तुमचा त्रास काही मिनिटांचा आहे आणि 10 मिनिटांच्या सरासरीत तो विरघळून जाईल, म्हणून तुम्हाला प्रोमेथियसच सुचवेन.

नोड एक्सपोर्टर (मशीनचे आकडे प्रोमेथियसला पुरवणारा छोटा प्रोग्रॅम) डॉकरमध्ये न टाकता थेट मशीनवर सिस्टिमडीची (उबुंटूत पार्श्वभूमीतले प्रोग्रॅम सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिस म्हणून चालवा. त्याला होस्टचं सगळं दिसायला हवं असतं, आणि कंटेनरमध्ये ते दाखवण्यासाठी होस्टची इतकी फोल्डरं जोडून (माउंट) द्यावी लागतात की कंटेनरचा फायदाच उरत नाही. पीएसआयचे आकडे तो आपणहून देतो. वाचन दर 15 सेकंदांनी ठेवा. जागेची चिंता नको: प्रोमेथियसला एका नमुन्यामागे, म्हणजे एकदा वाचलेल्या एका आकड्यामागे, साधारण 1 ते 2 बाइट लागतात. हजारेक मालिका (वेगवेगळी मोजमापं) धरल्या तर दिवसाला 57-58 लाख नमुने, म्हणजे फार तर 12 एमबी. डेटा ठेवण्याची मुळातली मुदत 15 दिवसांची असते, ती 90 केली तरी एक जीबीच्या आसपास. हा डेटा एनएफएस शेअरवर (नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर) मात्र ठेवू नका, प्रोमेथियस ते चालवून घेत नाही.

पोर्टांबद्दल सावध राहा. 9090 वरच्या प्रोमेथियसला आणि 9100 वरच्या एक्सपोर्टरला मुळात पासवर्ड नसतो. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला (उबुंटूच्या फायरवॉलला) वळसा घालून जातो, म्हणजे फायरवॉलमध्ये बंद दिसतो आणि प्रत्यक्षात उघडा असतो. कंटेनरचा पोर्ट 127.0.0.1 वर (फक्त त्याच मशीनवरून दिसेल असा) बांधा, बाहेरून बघायचं तर व्हीपीएनमधून या.

अलर्ट मोजकेच ठेवा. सीपीयू 80 टक्क्यांवर गेला, हा अलर्ट लावूच नका. जेलीफिन ट्रान्सकोड करायला (व्हिडिओचा फॉरमॅट बदलायला) लागलं की सीपीयू भरणारच, त्यासाठीच तो आहे. मी हे लावेन: मेमरीचा किंवा आयओचा 'फुल' आकडा 10 मिनिटं सलग 20 च्या वर; डिस्क सध्याच्या वेगाने चार दिवसांत भरेल असा अंदाज (प्रोमेथियसमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे, 'प्रेडिक्ट लिनियर'); आणि शेवटचा यशस्वी बॅकअप 36 तासांहून जुना. बॅकअपसाठी एक्सपोर्टरचा टेक्स्टफाइल कलेक्टर (फाइलीत लिहिलेले आकडे उचलणारा भाग) वापरा: बॅकअप नीट संपला की स्क्रिप्टने एका फाइलीत वेळ लिहायची, बस. सोबत 'स्मार्टसीटीएल' या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या कमांडने 5 आणि 197 क्रमांकाचे गुणधर्म बघत जा, म्हणजे बदललेले आणि प्रलंबित सेक्टर. 197 चा कच्चा आकडा शून्यावरून वर चढला की आलेख नंतर बघा, आधी डेटा दुसरीकडे हलवा.

हे सगळं त्याच मशीनवर असेल तर मशीन बंद पडल्याचा अलर्ट पाठवणार कोण? अपटाइम कुमा (सर्व्हर चालू आहे ना ते सतत तपासणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या एखाद्या यंत्रावर ठेवा. ते नसेल तर उलट करा: सर्व्हरने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला हजेरी द्यायची आणि हजेरी चुकली की त्या सेवेने मेल करायचा. इंटरनेट गेलं तरी हे चालतं, कारण इथे गप्प बसणं हाच अलर्ट असतो.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय इमिचवर आहे. फोटो चढले की तो थंबनेल आणि चेहरे ओळखण्याची कामं रांगेत टाकतो. त्याच वेळी जेलीफिनचं स्कॅन किंवा बॅकअप सुरू झाला तर 8 जीबी आणि एक फिरती डिस्क यांचा दम निघतो. इमिचच्या सेटिंगमध्ये एका वेळी किती कामं चालवायची ते कमी करता येतं. पण ते बदलायच्या आधी आज रात्रीचं व्हीएमस्टॅट एखादा मिनिटभर चालवून इथे टाका, शिवाय मेमरी आणि आयओच्या प्रेशर फाइलीही. रॅम वाढवायची की डिस्क बदलायची, हे त्यावरून सांगता येईल.