दोष टीसीएमचाच आहे का? पिकअपच्या गिअरबॉक्सबद्दलची प्रश्नोत्तरे

ऑटोमॅटिक पिकअपमध्ये गिअर कधी आणि किती जोरात बदलायचा हे टीसीएम, म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल ठरवते. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. बहुतेकांची अडचण एकच आहे: मॉड्यूल बदलायचे ठरले आहे, पण ते खराब असल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही.

प्रश्न : चालत्या गाडीत गिअर अचानक तिसऱ्यावर अडकतो आणि इंजिनचा दिवा लागतो. किल्ली बंद करून पुन्हा लावली की तासभर सगळे नीट चालते. स्कॅनरवर पी०७०० कोड आला. मेकॅनिक म्हणतात मॉड्यूल गेले. बदलून टाकू का?

अजून नाही. पी०७०० वरून मॉड्यूल खराब ठरत नाही. त्याचा अर्थ एवढाच की टीसीएमला काहीतरी बिघाड दिसला आणि त्याने इंजिनच्या कंट्रोल युनिटला दिवा लावायला सांगितले. खरा कोड टीसीएमच्या स्वतःच्या मेमरीत असतो आणि साधा स्कॅनर बरेचदा तिथपर्यंत पोहोचतच नाही. टीसीएम उघडू शकणाऱ्या स्कॅनरने आधी तो वाचून घ्या. पी०७१५ असेल तर इनपुट स्पीड सेन्सरचे सर्किट, पी०७२० असेल तर आउटपुट स्पीड सेन्सरचे, पी०७५० असेल तर शिफ्ट सोलेनॉइडचे (गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह). मॉड्यूलच्या आतल्या प्रोसेसरकडे बोट दाखवणारा कोड पी०६१३. यू०१०१ म्हणजे बाकीच्या मॉड्यूल्सना टीसीएमचा आवाजच ऐकू येत नाही.

गिअर तिसऱ्यावर अडकणे हा लिंप मोड आहे. सेन्सरचे आकडे जुळेनासे झाले की टीसीएम सोलेनॉइडचा पुरवठा तोडते आणि गिअरबॉक्स एका ठरावीक गिअरवर येऊन थांबतो. कुठे तो दुसरा असतो, कुठे तिसरा. गिअरबॉक्सच्या आतले क्लच जळू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे, म्हणजे अशा वेळी टीसीएम बहुधा आपले काम नीट करत असते.

तुमच्या पत्रातला ‘तासभर’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. तापल्यावर सुटणारा दोष मॉड्यूलच्या आतल्या डाखात असू शकतो, तसाच कनेक्टरच्या सैल पिनेत, सेन्सरच्या कॉइलमध्ये किंवा अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टखालीही असू शकतो. पिकअपच्या खालच्या बाजूला चिखल, पाणी आणि दगड सतत बसतात, म्हणून मी सुरुवात नेहमी तिथूनच करतो. गिअरबॉक्सचा मोठा कनेक्टर काढा. पिनांवर हिरवट थर आहे का? आत तेल आहे का? काही गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल वायरच्या आतून केशाकर्षणाने वर चढते आणि थेट मॉड्यूलच्या कनेक्टरपर्यंत जाते. तसे दिसले तर नुसते पुसून भागत नाही, ते हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलावे लागते.

मग वीज तपासा, आणि इथे नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवेल, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. मॉड्यूलचा कनेक्टर काढून, त्याच्या सप्लाय आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये एक लहान बल्ब लावा. बल्ब मंद जळला तर दोष तारेत आहे. कनेक्टर परत बसवून, इंजिन चालू असताना टीसीएमची अर्थिंगची तार आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यातला फरक मोजा. तो ०.१ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंग साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. खूप वर्षांपूर्वी मी स्वतः एक मॉड्यूल बाद ठरवून नवे बसवले होते. आठवड्याभरात गाडी तीच तक्रार घेऊन परत आली. चासीवर नव्याने दिलेल्या रंगावरच अर्थिंगचा बोल्ट आवळलेला होता. त्या मालकाचा विनाकारण झालेला खर्च मी विसरलेलो नाही.

यू०१०१ असेल तर बॅटरी काढून, ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. ज्या गाड्यांत कॅन लाइन, म्हणजे मॉड्यूल्सना एकमेकांशी जोडणारी तारांची जोडी, थेट तिथे येते, त्यांत दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. ते समांतर असल्यामुळे मीटरवर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकापर्यंतची तार तुटली आहे किंवा तो रेझिस्टरच गेला आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

हे सगळे स्वच्छ निघाले, बाहेरचे सेन्सर आणि सोलेनॉइड बरोबर मोजले आणि तरी टीसीएम गप्प असेल किंवा आतल्या बिघाडाचा कोड पुन्हा पुन्हा देत असेल, तर मात्र मॉड्यूल बदला.

प्रश्न : टीसीएम नेमके असते कुठे? घरी बदलता येईल का?

ते गाडीवर अवलंबून आहे. काही पिकअपमध्ये ते डॅशबोर्डखाली किंवा इंजिनच्या कप्प्यात वेगळ्या डब्यात असते. काहींत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचा कारभार एकच मॉड्यूल पाहते. आणि काहींत, उदाहरणार्थ जनरल मोटर्सच्या ६एल८० गिअरबॉक्समध्ये, ते सोलेनॉइडसकट गिअरबॉक्सच्या आत तेलात बुडालेले असते.

बाहेरचे असेल तर हात बसलेल्या माणसाला जमेल. किल्ली बंद केल्यावर मॉड्यूल्स झोपी जायला काही मिनिटे द्या, मग बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी काढा. नव्या मॉड्यूलच्या पिनांना हात लावू नका आणि पाकिटातून काढण्याआधी चासीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवा. कनेक्टरची कडी पूर्ण बसल्याचा ‘टक’ आवाज ऐका.

आतले असेल तर तेल काढणे, तेलाचे चेंबर उतरवणे, व्हॉल्व्ह बॉडीचे (तेलाला वाट देणाऱ्या झडपांच्या ब्लॉकचे) बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्कने आवळणे, फिल्टर आणि गॅस्केट नवे घालणे, आणि शेवटी तेलाची पातळी कंपनीने दिलेल्या तापमानालाच पाहणे, एवढे सगळे आले. उतरवलेले तेल गुलाबी दुधासारखे दिसले तर थांबा. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट आत शिरले आहे. आधी कूलर बदलला नाही तर नवे मॉड्यूलही त्याच पाण्यात मरेल. क्लचच्या प्लेटाही तपासाव्याच लागतील.

प्रश्न : वेगात असताना गाडी एकाएकी पहिल्या गिअरवर उतरली आणि मागची चाके घसरली. हे टीसीएमचेच काम ना?

आधी गाडी उभी करा. हा दोष जिवावरचा आहे. अशा वेळी पहिला संशय आउटपुट स्पीड सेन्सरवर घ्या. त्याचा सिग्नल क्षणभर गेला की मॉड्यूलला गाडी थांबल्यासारखी वाटते. फोर्डने २०१६ मध्ये अमेरिकेत आपल्या २०११ आणि २०१२ च्या एफ-१५० पिकअप याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. त्यावरचा उपाय नवे मॉड्यूल नव्हता, सुधारित सॉफ्टवेअर होते. तेव्हा खरेदीआधी चासी नंबर देऊन, तुमच्या गाडीवर असे काही बाकी आहे का, हे कंपनीकडे विचारा.

प्रश्न : भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतले मॉड्यूल बसवले तर?

सोपे दिसते, पण बरेचदा चालत नाही. एकच मॉडेल असले तरी इंजिन, अॅक्सल रेशो (चाकांच्या अॅक्सलमधल्या गिअरचे प्रमाण) आणि फोर-व्हील ड्राइव्हनुसार पार्ट नंबर बदलतो. शिवाय मॉड्यूलमध्ये जुन्या गाडीचा चासी नंबर लिहिलेला असतो. काही मॉड्यूल तो पुसू देतात, काहींत एकदा लिहिलेला नंबर पुन्हा बदलताच येत नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळत असेल आणि ते पुन्हा प्रोग्राम होते याची खात्री असेल तरच घ्या.

प्रश्न : नवे टीसीएम बसवले. गाडी चालते, पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मागून कोणी धक्का मारल्यासारखा झटका बसतो. मॉड्यूल सदोष आहे का?

बहुधा काम अर्धेच झाले आहे. नव्या मॉड्यूलला तुमची गाडी ओळखीची नसते. त्यात त्या गाडीचे सॉफ्टवेअर, अॅक्सल रेशो आणि टायरचा आकार भरावा लागतो. तुम्ही व्यासाने दहा टक्के मोठे टायर लावले असतील आणि मॉड्यूलमध्ये जुनाच आकार असेल, तर गाडी ११० च्या वेगात असताना टीसीएम ती १०० वर आहे असे समजेल.

काही गिअरबॉक्सच्या सोलेनॉइड बॉडीवर किंवा केसिंगवर एक लांब क्रमांक कोरलेला असतो. ते सोलेनॉइड किती करंटला किती दाब देतात याची माहिती त्याच्याशी जोडलेली असते आणि ती मॉड्यूलमध्ये भरली नाही तर दाब चुकतो. त्यानंतर येते शिकवणी. क्लच झिजत जातात तसे जुन्या टीसीएमने दाब थोडाथोडा बदलून जुळवून घेतले होते, नवे कोरे आहे. स्कॅनरमधून अॅडॅप्टेशन, म्हणजे ही जुळवणी, रिसेट करा, तेल नेहमीच्या तापमानाला येऊ द्या आणि हलक्या पायाने, सगळे गिअर क्रमाने पडतील अशी, मधून मधून पूर्ण थांबत गाडी चालवा. ही पद्धत गाडीगणिक वेगळी असते, म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमधली पाळा. त्यानंतरही झटका राहिला तर तेलाची पातळी पाहा, आणि मगच मॉड्यूलवर संशय घ्या.

प्रोग्रामिंग चालू असताना बॅटरीला १३ व्होल्टच्या आसपास स्थिर ठेवणारा सप्लाय जोडलेला होता का, हेही विचारा. मध्येच व्होल्टेज पडले की अर्धवट लिहिलेले मॉड्यूल निकामी होऊ शकते. साधा चार्जर यासाठी चालत नाही, त्याचा प्रवाह पुरेसा स्थिर नसतो.

प्रश्न : दोन वर्षांत दुसरे टीसीएम गेले. असे का होत असेल?

पहिले कशाने गेले हे कोणी शोधले का? बऱ्याच गिअरबॉक्समध्ये दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडचा रेझिस्टन्स साधारण ५ ओहम असतो. १२ व्होल्टला तो २.४ अँपियर ओढू शकतो. आतली कॉइल जळून तोच १ ओहमवर आला तर करंट १२ अँपियरवर जातो आणि मॉड्यूलच्या आतला ट्रान्झिस्टर जळतो. त्यामुळे नवे मॉड्यूल लावण्याआधी प्रत्येक सोलेनॉइड हार्नेसच्या कनेक्टरवरून मोजा, गाडी थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा. आकडे मॅन्युअलशी ताडून पाहा. वायर कुठे सोलून चासीला टेकते आहे का तेही पाहा.

आणि पिकअपवाल्यांना एक खास प्रश्न: या दोन वर्षांत हौद्याला किंवा चासीला वेल्डिंग केले होते का? केले असेल तर त्या वेळी बॅटरीची दोन्ही टोके काढली होती का, आणि वेल्डिंगची अर्थिंगची क्लिप जोडाच्या अगदी जवळ लावली होती का, हे वेल्डिंग करणाऱ्याला विचारून मला कळवा.