वाचकांचे प्रश्न : दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे इशारा-दिवे

प्रश्न : माझी आठ वर्षे जुनी, आलिशान श्रेणीतील पेट्रोल सेडान चौदा महिने बंद गॅरेजमध्ये उभी होती. परत आलो तेव्हा बॅटरी पूर्ण उतरली होती. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून इंजिन सुरू केले, परंतु एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), एअरबॅग, स्टीअरिंग, टायरमधील हवा, एअर सस्पेन्शन (हवेच्या स्प्रिंगांवर गाडी तोलणारी यंत्रणा) आणि इंजिन असे सात दिवे एकदम लागले आणि ते विझतच नाहीत. एका वर्कशॉपने स्कॅनर लावून सव्वीस फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकांनी केलेल्या बिघाडाच्या नोंदी) दाखवले आणि तीन कंट्रोल युनिट (एकेका यंत्रणेचे छोटे संगणक) बदलावी लागतील असे सांगितले. गाडी उभी केली त्या दिवशी यांपैकी एकही दिवा लागलेला नव्हता. नुसत्या उभ्या राहण्याने इतके बिघाड एकाच वेळी होतात का, आणि मी सुरुवात कोठून करावी?

उत्तर : कंट्रोल युनिट बदलण्यास तूर्त संमती देऊ नका. वर्कशॉपने दाखवलेले कोड खोटे नसतील, पण ते कोणत्या परिस्थितीत नोंदले गेले हे पाहिल्याशिवाय त्यांवरून एकही सुटा भाग बदलणे योग्य नाही. आपल्या सात दिव्यांमागे सात वेगवेगळ्या यंत्रणा आहेत आणि त्या सर्वांना समान असलेली गोष्ट म्हणजे बॅटरीकडून मिळणारा विद्युतदाब. सगळ्या यंत्रणांची तक्रार एकाच क्षणी सुरू झाली असेल, तर संशय प्रथम त्या समान गोष्टीवरच घ्यायला हवा.

अशा गाडीत लहानमोठी अनेक कंट्रोल युनिट असतात आणि ती एका सामाईक जाळ्यावरून एकमेकांना सतत संदेश पाठवतात. उतरलेल्या बॅटरीवर स्टार्टर फिरू लागला की विद्युतदाब क्षणभर इतका खाली जातो की काही युनिट बंद पडून पुन्हा सुरू होतात. त्या क्षणात ज्यांना उत्तर मिळाले नाही ती युनिट ‘अमुक युनिटशी संपर्क नाही’ अशी नोंद करतात, आणि ज्यांना स्वतःलाच पुरेसा दाब मिळाला नाही ती तशी वेगळी नोंद करतात. एका कारणाच्या दहा-पंधरा नोंदी अशा रीतीने सहज तयार होतात. सव्वीस हा आकडा ऐकून धसका बसणे स्वाभाविक आहे, परंतु त्यावरून बिघाडांची संख्या ठरत नाही.

आता बॅटरीचा हिशोब पाहू. कुलूप लावलेली गाडीही घड्याळ, अलार्म आणि किल्लीचा संकेत ओळखणारा भाग यांसाठी थोडा प्रवाह घेत राहते. तो ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ८० अँपिअर-तासांची उत्तम बॅटरी सुमारे ६७ दिवसांत रिकामी होते. आपली गाडी चौदा महिने उभी होती, याचा अर्थ बॅटरी बहुधा वर्षभर रिकाम्या अवस्थेत पडून होती. या अवस्थेत आतील प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ते चार्ज केल्यावरही पूर्णपणे विरघळत नाहीत. अशी बॅटरी चार्जरवरून काढल्यावर मीटरवर चांगला आकडा दाखवते आणि भार पडताच कोसळते. म्हणून केवळ व्होल्ट मोजून तिला निर्दोष ठरवू नका. तिची भाराखालची चाचणी करून घ्याच.

केबल जोडून इंजिन सुरू केल्यावर गाडी तासभर फिरवली की बॅटरी भरते हा समज आपण बाजूला ठेवावा. अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या जनित्राचे, काम चालू गाडीची गरज भागवणे आणि बॅटरीतील थोडीशी तूट भरून काढणे हे आहे. पूर्ण रिकाम्या बॅटरीमुळे त्याच्यावर अकारण ताण येतो. बॅटरी एजीएम प्रकारची (काचतंतूंच्या थरांत आम्ल शोषून ठेवणारी) असल्यास, ज्यात तसा पर्याय आहे असाच चार्जर वापरून तिला रात्रभर चार्ज करावे, चार्जर काढून काही तास थांबावे आणि मग मोजावे. स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक हवेत. स्टार्टर फिरताना दाब साधारणपणे ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना तो बहुतेक वेळा १३.८ ते १४.७ च्या दरम्यान असतो. मात्र आधुनिक गाड्यांत संगणक हा दाब गरजेनुसार कमी-जास्त करतो, त्यामुळे एका क्षणाच्या आकड्यावरून अल्टरनेटर खराब ठरवू नये. बॅटरी नवीन घ्यावी लागली तर त्याच प्रकारची आणि त्याच क्षमतेची घ्या. या श्रेणीतील अनेक गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरद्वारे करावी लागते. ती न केल्यास गाडी जुनी बॅटरी गृहीत धरून चार्जिंग करत राहते.

विद्युतदाब ठीक झाला की सर्व कोड लिहून घ्या किंवा त्यांचे छायाचित्र काढा, मगच ते पुसा. साधा स्कॅनर मुख्यतः इंजिनाचे कोड वाचतो; एबीएस, एअरबॅग आणि सस्पेन्शनसाठी त्या गाडीची सर्व युनिट वाचू शकणारे उपकरणच हवे. कोड पुसल्यावर थोडी गाडी चालवून पुन्हा वाचन करा. जे कोड परत येतील, तेवढेच आपले खरे काम. माझ्या अनुभवात या टप्प्यावर यादी बरीच आखडते.

त्यानंतरही जे दिवे उरतील त्यांची कारणे निरनिराळी असतात. स्टीअरिंग आणि ईएसपी यांचे दिवे पुष्कळदा एका सेन्सरमुळे लागतात. वीज गेल्यावर स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर आपला मध्यबिंदू विसरतो. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले आणि मग काही अंतर सरळ चालवले, तर अनेक गाड्यांत तो पुन्हा जुळतो. एबीएसचा दिवा राहिला तर चाकाजवळील सेन्सर आणि त्याच्या कड्यावरील गंज तपासून घ्या. डिस्कवरचा वरवरचा गंज काही वेळा ब्रेक लावल्यावर निघून जातो. मात्र पहिले ब्रेक मोकळ्या जागेत, चालण्याच्या गतीने लावून पाहावेत, कारण पॅड डिस्कला चिकटलेले असू शकतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते, तेव्हा शेवटचा बदल केव्हा झाला ते नोंदवहीत पाहा.

टायरमधील हवा खरोखरच कमी झालेली असणार, कारण उभ्या गाडीतही ती दरमहा एक-दोन पीएसआयने उतरते. टायर थंड असताना दाराच्या खांबावरील पट्टीवर दिलेल्या मापाप्रमाणे हवा भरा आणि काही किलोमीटर चालवा, कारण हे सेन्सर चाक फिरल्यावरच जागे होतात. तरीही दिवा राहिला तर गाडीचे वय लक्षात घ्या: या सेन्सरमधील सीलबंद बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि आपली गाडी त्याच वयात आहे. हा दोष उभ्या राहण्याचा नव्हे.

एअर सस्पेन्शनच्या बाबतीत मात्र घाई करू नका. गाडी बसलेली असेल तर इंजिन चालू ठेवून ती पूर्ण उंचीवर येईपर्यंत जागची हलवू नये. कॉम्प्रेसर फार तापला तर संरक्षणासाठी स्वतःहून थांबतो आणि त्याचाही कोड नोंदला जातो. तो थंड होऊ द्यावा. एका रात्रीत एकच कोपरा पुन्हा खाली बसला, तर त्या बाजूची एअर स्प्रिंग किंवा जोड गळत आहे असे समजावे. योग्य आधार न देता अशा गाडीखाली हात किंवा डोके घालू नका, हे मी आवर्जून सांगतो.

एअरबॅगच्या दिव्याबाबत तर माझा आग्रह आणखी स्पष्ट आहे. त्याच्या वायरिंगला घरगुती मल्टिमीटर कधीही लावू नये, कारण मोजण्यासाठी सोडलेल्या लहानशा प्रवाहानेही एअरबॅग फुटण्याचा धोका असतो. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

इंजिनाच्या दिव्यामागे चौदा महिन्यांचे शिळे पेट्रोल हे कारण असू शकते. दिवा स्थिर असेल तर टाकीतील जुने पेट्रोल काढून ताजे भरावे आणि मग पाहावे. तो लुकलुकत असेल तर इंजिन चुकत आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषण कमी करणारा भाग) जाळू शकते, म्हणून इंजिन त्वरित बंद करावे. बोनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, एअर फिल्टरच्या डब्यात घरटे केले आहे का, हेही पाहा. कुरतडलेल्या एका वायरमुळेही एखादे कंट्रोल युनिट निरुत्तर होते आणि दोष त्या युनिटवर येतो.

आपण लिहिलेल्या दिव्यांत लाल रंगाच्या ऑइल प्रेशरचा, तापमानाचा किंवा ब्रेकचा उल्लेख नाही, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. यांपैकी कोणताही दिवा लागला तर वरील क्रम लागू होत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे आणि टोइंग करून न्यावी.

प्रश्न : मला पाच महिने बाहेर राहायचे आहे. आठवड्यातून एकदा कोणीतरी दहा मिनिटे गाडी सुरू करून ठेवली तर वरीलसारखा त्रास टळेल का?

उत्तर : टळणार नाही. सुरू करताना खर्च झालेली वीज उभ्या गाडीत दहा मिनिटांत पुरेशी भरून निघत नाही, आणि इंजिन पूर्ण न तापल्याने ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते. त्यापेक्षा बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनन्स चार्जर कायम जोडून ठेवा आणि त्याची ऋण क्लिप, माहितीपुस्तिकेत वेगळी सूचना नसल्यास, बॅटरीच्या टोकाऐवजी गाडीच्या ठरवून दिलेल्या अर्थ बिंदूला (सांगाड्यावरील ऋण जोडणीच्या जागेला) लावा, म्हणजे बॅटरी सेन्सरला चार्जिंगचा हिशोब लागतो. जवळ वीज नसेल तर ऋण केबल सोडवून ठेवता येते. परंतु बॅटरी डिकीत असेल तर विजेवर चालणारे कुलूप नंतर उघडणार नाही, म्हणून धातूची किल्ली डिकीला लागते का हे आधी पाहून घ्या. हँडब्रेक न लावता चाकांना ठोकळे लावा. निघण्याच्या दिवशी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन लावून डॅशबोर्डचे एक छायाचित्र काढा, आणि इंजिन सुरू केल्यावर दुसरे. पहिल्यात सर्व दिवे काही क्षण लागलेले दिसायला हवेत, दुसऱ्यात विझलेले. परत आल्यावर नवीन दिवा कोणता आणि जुना कोणता, याचा निवाडा त्या दोन छायाचित्रांवरून होईल.