रिक्त होणे म्हणजे काय?

प्रश्न : आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कॉयरमध्ये मी वीस वर्षे गात आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सातील (चर्चमधील उपासनेतील) एकल गीत इतकी वर्षे माझ्याकडे असे. यंदा ते एका नव्या मुलीला देण्यात आले. मी हसून 'काही हरकत नाही' म्हटले आणि सर्वांनी माझ्या नम्रतेचे कौतुक केले. आतून मात्र मी धुमसत होते, आणि तरीही ते कौतुक ऐकून मला बरे वाटले, याची आता अधिक लाज वाटते. 'स्वतःला रिक्त करा, म्हणजे देवाला जागा होईल' असे प्रवचनांतून ऐकते. मी नेमके काय रिक्त करू? माझा आवाज देवाने दिलेला असेल, तर 'मला काही येत नाही' असे म्हणणे हीच नम्रता का?
— एक वाचक, वसई

उत्तर : भगिनी, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, ती नम्रता नव्हे. सायंप्रार्थनेत रोज म्हटले जाणारे पवित्र मरियेचे स्तोत्र आपण अनेकदा गायले असेल. देवाने आपल्या दैन्यावस्थेकडे पाहिले असे ती त्यात म्हणते आणि लगेच पुढे, सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील, असेही म्हणते. मिळालेले मोठेपण नाकारण्याची तिला गरज वाटत नाही. ते कोणाकडून आले, तेवढे ती सांगते. नम्रता म्हणजे सत्यात चालणे, असे आविलाच्या संत तेरेझाने १५७७ मध्ये लिहून ठेवले आहे. गळा चांगला असताना 'मला गाता येत नाही' म्हणणे त्यात बसत नाही.

'रिक्त करणे' हा शब्द संत पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातून आपल्याकडे आला आहे, आणि तो ज्या परिस्थितीत लिहिला गेला, ती आपल्या कॉयरपासून फार दूरची नाही. फिलिप्पै ही मासेदोनियातील रोमन वसाहत होती, इ. स. पू. ४२ च्या लढाईनंतर तेथे निवृत्त सैनिक वसवण्यात आले, आणि नागरिकत्व, हुद्दा व मान यांना त्या नगरात मोठी किंमत होती. अशा समाजाला 'लीन' हा शब्द गुलामाला शोभणारा, हिणकस वाटे. तुरुंगातून लिहिणारा पौल त्यांच्यापुढे नेमका दासाचे रूप घेतलेला आणि गुलामाला द्यावे तसे मरण पत्करलेला प्रभू उभा करतो. मंडळीत कुरबुरी होत्या. चौथ्या अध्यायात तो युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना नावे घेऊन एकचित्त होण्याची विनंती करतो, आणि त्या दोघींनी सुवार्तेच्या कामी आपल्याबरोबर कष्ट केले, हेही तेथेच नोंदवतो. ख्रिस्ताच्या रिक्त होण्याविषयीचा तो अथांग उतारा ज्या पत्रात आहे, तेच पत्र देवाचे काम मनापासून करणाऱ्या दोन बायकांच्या बेबनावालाही हात घालते, हे मला फार दिलासा देणारे वाटते.

त्या उताऱ्याची वाक्यरचना नीट पाहावी. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, ते दासाचे रूप धारण करून. त्याने देवपण टाकून दिले असे पौल म्हणत नाही. ते मुठीत आवळून धरले नाही, एवढेच म्हणतो. म्हणून रिक्त होणे म्हणजे घागर उपडी करावी तसे मन ओतून टाकून स्वस्थ बसणे नव्हे. तसे करू गेल्यास काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे : डोळे मिटून 'मी'ला हाकलत बसलो की तासभर 'मी'चाच विचार होत राहतो. समोरचे सेवेचे काम हातात घेतले, तर मूठ उघडावीच लागते. आपल्याला आवाज सोडायचा नाही. त्या एका गीतावरची मूठ सोडायची आहे.

ही मूठ आनंदाने सुटू शकते, हे येशूची वाट तयार करणाऱ्या स्नापक योहानाकडून शिकावे. सगळे लोक आता येशूकडे जात आहेत, अशी तक्रार घेऊन योहानाचे शिष्य आले, तेव्हा त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा, असे त्याने उत्तर दिले. हे वाक्य आपण बहुधा उदास सुरात वाचतो. पण त्याच्या आधीच्याच वाक्यात योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो, आणि वराचा आवाज ऐकून आपला आनंद पूर्ण झाला आहे असे सांगतो. संत ऑगस्टीनने आणखी बारकाईने पाहिले : योहान हा आवाज आणि ख्रिस्त हा शब्द; आवाज विरून जातो, शब्द ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात राहतो. योहानाचा जन्मसण २४ जूनला येतो, जेव्हा दिवस लहान होऊ लागतात, आणि प्रभूचा २५ डिसेंबरला, जेव्हा ते मोठे होऊ लागतात, हेही त्यानेच आपल्या श्रोत्यांना दाखवून दिले. गाणाऱ्या व्यक्तीने हे सारे वर्षातून एकदा तरी वाचावे.

मत्सर मनात आला, एवढ्याने पाप होत नाही. त्याला पाट मांडून बसवले, तर होते. पापनिवेदनात 'मला मत्सर वाटला' इतकेच साध्या शब्दांत सांगावे. कौतुकाने बरे वाटले, त्याचा फार शोध घेऊ नये, कारण आपल्या नम्रतेची नाडी सारखी तपासत राहणे हाही स्वतःभोवतीचाच फेरा आहे. निर्णयाने दुखावल्या असाल, तर कॉयर चालवणाऱ्यांना ते मोकळेपणाने सांगा. आणि पुढच्या सरावाला त्या मुलीजवळ बसून, त्या गीतात श्वास कुठे घ्यायचा ते तिला दाखवा; वीस वर्षांत ते आपल्याइतके कोणाला कळले असणार? मग ती गाईल तेव्हा तिच्या गाण्याने प्रार्थना करा. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू आपल्या शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्यांतल्या पेत्राला प्रभूचे पाय धुणे जमले असते. प्रभूकडून स्वतःचे पाय धुऊन घेणे त्याला जड गेले. आपण नेहमी देणारेच राहावे, ही इच्छाही देवाची जागा अडवते.

प्रश्न : सासरी होणारा अपमान आणि मारहाण 'ख्रिस्ताप्रमाणे लीनतेने सोस' असे मला घरातले सांगतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : मुळीच नाही. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. माझे बोलणे वाईट असेल तर ते सिद्ध कर, योग्य असेल तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन देतो, असेही तो म्हणाला होता. आपल्याकडून जे बळाने घेतले जात आहे, त्याला लीनता हे नाव देण्याचा अधिकार घरातल्या कोणालाही नाही. आजच एखाद्या विश्वासू व्यक्तीला सर्व सांगा. महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा; २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली आपल्याला संरक्षण मागता येते. क्षमेविषयी आणि प्रार्थनेविषयी, सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर, मला पुन्हा लिहा.