अमृता शेरगिल यांच्या चित्रांवर युरोपचा प्रभाव अधिक की भारताचा?

आपण विचारले आहे की, अमृता शेरगिल यांना घडवले ते पॅरिसने की अजिंठ्याने. माझ्या मते ही विभागणीच फसवी आहे; कारण भारतीय परंपरेकडे त्या वळल्या त्या पॅरिसमधूनच, आणि हा क्रम ध्यानात घेतला नाही तर त्यांची नंतरची चित्रे नीट उलगडत नाहीत.

१९१३ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या अमृतांचे वडील, उमरावसिंग, संस्कृत व फारसीचे व्यासंगी शीख सरदार होते, तर आई हंगेरियन गायिका. बालपण हंगेरीत आणि सिमल्यात गेले. १९२९ पासून पॅरिसमध्ये त्यांचे रीतसर शिक्षण झाले. ‘यंग गर्ल्स’ (१९३२) या तिथल्या चित्रात बंद खोलीतल्या दोन तरुणी आहेत. त्वचा, कापड आणि प्रकाश यांवरील हुकूमत पाहिली की हा हात कोणत्या शाळेत तयार झाला ते लगेच कळते. मात्र त्याच काळात सेझान आणि गोगँ या फ्रेंच चित्रकारांकडून त्यांनी जे उचलले, म्हणजे आकार सोपा करणे, रंग सपाट लावणे आणि तपशील निर्धास्तपणे गाळणे, तेच पुढे कामी आले. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्राचे मोल साऱ्या रेनेसान्सहून (युरोपातील प्रबोधनकाळातील कलेहून) अधिक आहे, हे युरोपात आलो नसतो तर कदाचित कळलेच नसते, असे त्यांनी स्वतः पत्रात कळवले होते, आणि तेही १९३४ मध्ये, भारतात परतण्याआधी.

अजिंठा व वेरूळ त्यांनी प्रत्यक्ष पाहिले ते मुंबईतील आपल्या चित्रप्रदर्शनानंतर, दक्षिणेकडे जाताना. त्या प्रवासातून १९३७ साली ‘ब्रह्मचारी’ हे चित्र साकारले. तांबूस पार्श्वभूमीवर पांढऱ्या धोतरातील पाच तरुण बसले आहेत. शरीरांचे वेगवेगळे सावळे-गोरे वर्ण आणि धोतरांच्या पांढऱ्यातल्या बारीक छटा एवढ्यावर सारे चित्र तोलले आहे. आकृत्यांची शांत, भारदस्त मांडणी अजिंठ्याची खरी. पण पांढऱ्यात इतके रंग शोधण्याची सवय मला तरी सेझानकडची वाटते.

त्यानंतर पहाडी (हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतील) आणि मुघल लघुचित्रांनी त्यांना ओढून घेतले. गोरखपूरजवळच्या सराया येथे राहून काढलेल्या चित्रांत आकृत्या लहान झाल्या, रंग अधिक तेजस्वी झाले. हंगेरीचा धागा मात्र आपल्याकडे फारसा कोणी धरत नाही. १९३८ मध्ये त्या तिकडे गेल्या, विवाह केला आणि तेथील बाजाराचे चित्रही रंगवले. गावगाड्यातील माणसांकडे थोडे दुरून पाहण्याची ती दृष्टी सरायातील चित्रांतही दिसते. पहाडी लघुचित्र कुठे संपते आणि हंगेरी कुठे सुरू होते, हे तिथे मला वेगळे काढता येत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची शंभराहून अधिक चित्रे आहेत. शक्य झाल्यास ‘यंग गर्ल्स’ आणि ‘ब्रह्मचारी’ लागोपाठ पाहावीत. मध्ये जेमतेम पाच वर्षांचे अंतर आहे.